पथारीपुरती जागा

मोठ्या शहरात नोकरीला निघालेल्या मुलाला किंवा मुलीला घरची माणसं आधी विचारतात, राहणार कुठे? मग विचारतात, जेवणाचं काय? आणि मग, तिथे आपलं कोण आहे? पगाराचा आकडा ह्या सगळ्यानंतर निघतो. तरुणांना हे प्रश्न जुनाट वाटतात, पण त्यांचा क्रम अनुभवाने ठरलेला आहे. नोकरी माणसाला शहरात आणते, पण त्याला तिथे टिकवतात निवारा, जेवण आणि ओळख.

ह्या प्रकरणासाठी मी मुंबई घेतली आहे. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या गावांनी आपली मुलं ह्या शहरात कशी रुजवली, त्याच्या खुणा अजून चाळींच्या रूपाने उभ्या आहेत. ती व्यवस्था मोडल्यावर नव्या माणसाच्या वाट्याला काय आलं, तेही इथेच स्पष्ट दिसतं.

गावाची खोली

1853 साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी कावसजी नानाभाई दावर ह्यांनी कापड गिरणीची कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. त्यानंतर पन्नास वर्षांत लालबाग, परळ, शिवडी, डिलाईल रोड, वरळी ह्या भागाचं गिरणगाव झालं. तिथे कामाला आलेली माणसं मुख्यत: रत्नागिरी जिल्ह्यातली होती आणि त्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही येत होता. त्याखालोखाल सातारा, पुणे, कोल्हापूर ह्या घाटावरच्या मुलखातली. कोकणातला गडी आगबोटीने यायचा, भाऊच्या धक्क्यावर उतरायचा. बरोबर एक वळकटी, एखादी पत्र्याची पेटी आणि चाळीचं नाव व खोलीचा नंबर लिहिलेला कागद. त्या पत्त्यावर घर म्हणावं असं काही नसे. एका गावच्या किंवा एका वाडीच्या माणसांनी मिळून धरलेली ती एक खोली असे.

खोली केवढी? 1896च्या प्लेगने मुंबई हादरली, तेव्हा 1898 मध्ये सुधार मंडळ म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. 1920 मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं. ह्या खात्याने बांधलेल्या चाळी त्याच्या आद्याक्षरांनीच ओळखल्या गेल्या, बीडीडी. वरळीत 121, नायगावात 42, डिलाईल रोडला 32 आणि शिवडीत 12 अशा एकूण 207 चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत 80 खोल्या, आणि प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची. शौचालयं मजल्यावर सामाईक. खासगी मालकांच्या चाळीतल्या खोल्या ह्याहून लहानही असत.

अशा एका खोलीत वीस-पंचवीस गडी राहत. एका वेळी सगळे तिथे नसत, म्हणूनच ते शक्य होई. गिरणी तीन पाळ्यांत चालायची. पहिल्या पाळीचा माणूस भोंग्याच्या आधी बाहेर पडला की रातपाळीचा येऊन त्याच जागेवर पथारी टाके. पेट्या भिंतीला लावून एकावर एक रचलेल्या, वर दोरीवर कपडे, खुंटीला डबे, कोपऱ्यात मोरी. उन्हाळ्यात अर्धे जण गॅलरीत किंवा रस्त्याच्या कडेला झोपत. भाडेपावती कुणा एका जुन्या माणसाच्या नावावर असे आणि भाडं वर्गणीने भागे. नव्याने आलेल्याला काम लागेपर्यंत वर्गणी मागत नसत. जेवणाची उधारीही कुणीतरी जवळचा आपल्या नावावर घेई. पुढे हा नवा गडी कामावर टिकला की त्याच्यामागून येणाऱ्याचा भार तो उचले.

गावाने दिलेला हा सर्वांत मोठा आधार होता असं मला वाटतं. जागा तर त्या खोलीने दिलीच, पण तिची खरी देणगी मुदतीची होती. महिना दोन महिने बिनपगारी राहता येईल एवढा अवधी नव्या माणसाला मिळे. गिरणीत दारातून थेट कायमची नोकरी मिळत नव्हती. भरती जॉबरच्या म्हणजे मुकादमाच्या हातात होती आणि नवा माणूस बदली म्हणून लागायचा. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कायम कामगार गैरहजर असेल तर त्या दिवसापुरतं काम, नाहीतर परत. 1935 पासून गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डं द्यायला सुरुवात केली, तेव्हा जॉबरच्या लहरीला थोडा आळा बसला. तरी कायम व्हायला वर्षं जात. मधली वर्षं माणूस त्या वीस-पंचवीस जणांच्या खोलीच्या जोरावर काढत असे.

गोव्याच्या मंडळींनी हीच गोष्ट आणखी शिस्तीत बसवली. धोबीतलाव, माझगाव, डोंगरी ह्या भागात त्यांचे कूड होते. प्रत्येक गावाचा आपला कूड. इंग्रजी अमदानीत बोटीवर काम करणारे गोवेकर खूप होते. एक सफर संपून दुसरी बोट मिळेपर्यंत ते इथे राहत. प्रत्येकाला पेटीपुरती जागा, रात्री झोपायला जमीन, भाडं नाममात्र. समोर गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची, हा बहुतेक कुडांचा नियम. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत असे कूड आजही आहेत. बोटीवर सहा-आठ महिने काढून आलेल्या माणसाची पेटी तिथे सुरक्षित राहत होती, कारण शेजारची पेटीही त्याच्याच गावच्या माणसाची होती.

खाडा

गावाच्या खोलीत बहुधा स्वयंपाक नसे. जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे गिरणी कामगाराच्याच घरातली बाई. दहा बाय बाराच्या खोलीत चूल किंवा स्टोव्ह, नवरा गिरणीत, आणि ती पहाटेपासून पंधरा-वीस गड्यांच्या भाकऱ्या थापते आहे. पैसे महिन्याने, पगार झाल्यावर. एखादा दिवस जेवायचं नसेल तर आधी सांगून ठेवायचं, त्या दिवसाचा खाडा धरला जाई आणि तेवढे पैसे हिशेबातून वजा होत. पुण्यातल्या मेसमध्ये हा शब्द आजही तसाच चालतो. नव्याने मेस लावणाऱ्याने पहिला प्रश्न खाड्याचाच विचारावा. किती खाडे धरतात, किती आधी सांगावं लागतं, सलग किती दिवस गावी गेलं तर पैसे वळते होतात. महिन्याच्या शेवटी सगळ्यात जास्त कुरबुरी ह्यावरूनच होतात.

त्या खानावळवाल्या बाईला वाण्याची उधारी आणि सावकाराचं कर्ज ह्यांतून सुटका नव्हती. संप झाला की गड्यांचे पगार थांबत, पण जेवण थांबवता येत नसे आणि उधारी तिच्या डोक्यावर चढे. कम्युनिस्ट चळवळीत वाढलेल्या प्रेमा पुरव ह्यांनी 1975 मध्ये ह्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण ठेवायला ज्यांच्याकडे काही नव्हतं अशा बाया एकमेकींना जामीन राहिल्या. गिरण्यांच्या इतिहासात मालक आणि पुढारी ह्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ज्या बायांच्या भाकरीवर ते शहर चाललं, त्यांच्यावर मात्र अजून फार थोडं.

दाराबाहेर राहिलेले

ह्या व्यवस्थेचं कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. गावाची खोली गावातल्या सगळ्यांची नव्हती. गाव जसं जातीत वाटलेलं होतं तशाच खोल्याही वाटलेल्या होत्या. आणि ज्याच्या ओळखीचा जॉबर ज्या खात्यात, त्याला काम त्या खात्यात. विणकामाचं साचेखातं जास्त पगाराचं, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात शिरू दिलं जात नव्हतं. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला. एका गिरणीत, एकाच मालकाकडे काम करणाऱ्यांत पगाराची ही भिंत सहकाऱ्यांनीच घातलेली होती.

शिकायला येणाऱ्यांचंही तेच. पुण्यात गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यावर कित्येक जण शिकून मोठे झाले. पण वार लावायची सोय एका जातीपुरती होती. बहुजनांच्या मुलाला शाळा उघडी असली तरी राहायला दार उघडं नव्हतं. राजर्षी शाहू महाराजांनी हे नेमकं ओळखलं. फी माफ केल्याने मूल शिकत नाही, त्याला शहरात राहायला जागा लागते. 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशा एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. पुढे 1924 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील, एका पंगतीत जेवतील असं वसतिगृह चालवून दाखवलं. पुण्यात डॉ. अच्युत आपटे ह्यांनी 1955 मध्ये स्थापन केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती ग्रामीण मुलामुलींसाठी हेच काम आजवर करते आहे. महाराष्ट्रात खेड्यातली पोरं शिकून शहरात आली, त्याचं श्रेय जितकं शाळांना तितकंच ह्या वसतिगृहांना द्यायला हवं.

आता पुन्हा गिरणगावाकडे. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी अधिकृतपणे मिटलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि गावाच्या खोल्या ज्या पगारावर चालत होत्या तो पगार संपला. नोकऱ्या नंतरही आल्या, कार्यालयांतल्या, मॉलमधल्या, अंधेरी-पवईतल्या, नवी मुंबईतल्या. पण निवारा, जेवण आणि ओळख एका गाठोड्यात देणारी जागा राहिली नाही. आता ह्या तिन्ही गोष्टी सुट्या सुट्या विकत घ्याव्या लागतात.

अकरा महिन्यांचं कोडं

खोली शोधायला निघालं की पहिला धडा मिळतो तो अकरा महिन्यांचा. करार वर्षाचा का नाही? ह्यामागे एक जुनं भय आहे, आणि ते समजून घेतलं की घरमालकाच्या वागण्याचा अर्थ लागतो.

1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 चं भाडं प्रमाण मानलं आणि ते गोठवलं. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला त्याने वाचवलं ह्यात शंका नाही. पण महागाई वाढत गेली, भाडं तिथेच राहिलं, आणि मालकांनी नव्याने भाडेकरू ठेवणं सोडून दिलं. त्यातून पळवाट निघाली ती लिव्ह अँड लायसन्सची. म्हणजे मी तुला भाडेकरू करत नाही, फक्त काही काळ वापरायची परवानगी देतो. 1973 मध्ये सरकारने कायदा दुरुस्त केला आणि त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला जे अशा परवान्यावर राहत होते त्यांना भाडेकरू मानलं. एका रात्रीत हजारो परवानेधारकांना संरक्षण मिळालं, आणि मालकांच्या मनात कायमची धास्ती बसली की माणूस टिकला तर घर गेलं. दर अकरा महिन्यांनी सामान उचलायला लावणाऱ्या घरमालकाच्या मागे ती धास्ती अजून आहे, जरी आजचा कायदा तसा उरलेला नाही. अकराच का, तर वर्षाहून मोठ्या भाडेपट्ट्याची नोंदणी 1908 च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे, ती टाळायला.

आता महत्त्वाची गोष्ट. महाराष्ट्रात नोंदणी टाळायची ही अकरा महिन्यांची पळवाट 2000 सालीच बंद झाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 55. करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. त्याने ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे कलम नव्या माणसाच्या बाजूचं आहे, पण एजंट ते सांगत नाही. तो म्हणतो, नोटरी करून देतो, स्वस्तात होईल. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

आणि नोंदणी महाग तरी किती? समजा, भाडं 20 हजार, डिपॉझिट 1 लाख, मुदत 11 महिने. भाड्याची बेरीज 2 लाख 20 हजार. डिपॉझिटवर वार्षिक 10 टक्के व्याज धरतात, ते झालं सव्वानऊ हजारांच्या आत. ह्या एकूण रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे पाचशे-सहाशे रुपये. वर महापालिका हद्दीत 1 हजार नोंदणी फी. सगळं मिळून दोन हजारांच्या आत, आणि काम ऑनलाइन होतं. घरी येऊन अंगठा घेणारा माणूस आपली फी वेगळी घेतो. तिघांत वाटला तर हा खर्च एका हॉटेलच्या जेवणाएवढा होतो.

करारावर सही करण्याआधी डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, रंगकामाचे पैसे कापणार का, मुदतीआधी सोडलं तर नोटीस किती दिवसांची, एवढं त्यात लिहिलेलं आहे का ते वाचावं. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मोबाइलवरून टोकन पाठवू नये. फोटो पाहून पैसे भरलेल्या आणि पत्त्यावर पोचल्यावर तशी खोलीच नसलेल्या मुलांची संख्या लहान नाही. हेवी डिपॉझिटचा मोह तर नवख्याने धरूच नये. त्यात पाच-सात लाख एकरकमी देऊन भाडं नाममात्र असतं, पण घर सोडताना मालकाकडे ती रक्कम नसली तर वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागतात.

पहिला पगार येईपर्यंत

आता आकडे मांडून पाहू. ऑफर लेटरवर लिहिलं आहे, वार्षिक 4 लाख 20 हजार. घरी आनंद होतो, महिना 35 हजार! पण हा सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा खर्च. मूळ पगार त्याच्या निम्मा, 17 हजार 500 धरू. कंपनीने भरायचा 12 टक्के भविष्य निर्वाह निधी, 2 हजार 100 रुपये, ह्याच 35 हजारांतला. ग्रॅच्युइटीपोटी आठ-साडेआठशेही त्यातलेच. मग तुमच्या वाट्याचे पीएफचे 2 हजार 100 कापले जातात आणि व्यवसाय कर 200, जो फेब्रुवारीत 300 असतो. हातात पडतात ते 29 हजार 700 च्या आसपास. विमा किंवा वर्षअखेरीचा बदलता पगार सीटीसीत असेल तर त्याहून कमी.

दुसऱ्या बाजूला खोली. तिघांनी मिळून वन रूम किचन घेतलं, भाडं 24 हजार, डिपॉझिट 1 लाख. पहिलं भाडं आगाऊ, एजंटची दलाली एका महिन्याची. झाले 1 लाख 48 हजार, माणशी 49 हजारांवर. गादी, बादली, गॅसची शेगडी, लोकलचा पास, महिन्याचं जेवण वेगळं. आणि पगार महिना भरल्यावर. म्हणजे 29 हजार 700 कमावणाऱ्याला ते कमवायच्या आधी निदान साठ हजार हातात लागतात. गावाच्या खोलीने पूर्वी जी मुदत फुकट दिली होती, तिची आजची किंमत ही आहे. ज्याच्या घरी एवढे पैसे नाहीत तो सोनं गहाण ठेवतो, मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपमध्ये अडकतो, नाहीतर नोकरीच नाकारतो. हुशारी सारखी असून दोन मुलांपैकी एकच शहरात पोचतो, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. पहिले तीन महिने कॉट बेसिसवर किंवा पीजीत राहावं, कामाच्या जवळ. खाट लहान असते, नियम जाचक असतात, पण डिपॉझिट महिन्या-दोन महिन्यांचं आणि दलाली बहुधा नसते. तेवढ्या काळात नोकरी जमते की नाही ते कळतं, ऑफिसात बरोबर राहण्याजोगी माणसं सापडतात, मग खोली धरावी. स्वस्त म्हणून सुरुवातीलाच फार लांब जाऊ नये. विरार चर्चगेटपासून 60 किलोमीटरवर आहे. गाडीची सवय नसलेल्या माणसाचे रोजचे चार-साडेचार तास प्रवासात गेले की काम शिकायला, आजारी पडल्यावर झोपायलाही वेळ राहत नाही.

नोकरीच्या कागदांबद्दल थोडंच सांगायचं आहे. नेमणूकपत्रावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते पाहा. ज्या कंपनीत बसून काम करायचं तिचं, की माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचं? आजचा थर्ड पार्टी पेरोल हा पुष्कळ अंगांनी कालच्या बदलीचा भाऊ आहे. नोकरीसाठी रजिस्ट्रेशन फी किंवा लॅपटॉपचं डिपॉझिट मागणारा माणूस फसवतो आहे असं धरून चाला. मूळ प्रमाणपत्रं कोणाच्याही ताब्यात देऊ नका, दाखवून परत घ्या. पीएफचा बारा आकडी यूएएन नंबर पहिल्या नोकरीतच वहीत लिहून ठेवा, तो आयुष्यभर एकच राहतो. नोकरी बदलताना पैसे काढून घेण्याची घाई करू नका, खातं पुढे न्या. तुम्ही पेन्शन योजनेत असाल तर कंपनीच्या वाट्यातला काही भाग तिच्याकडे जातो आणि पेन्शनचा हक्क दहा वर्षांच्या नोकरीने मिळतो. मधेच पेन्शनचे पैसे काढले तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

मुलींची वाट वेगळी आहे आणि अजूनही जास्त कठीण. गावाची खोली, कूड, ह्या सगळ्या जागा पुरुषांच्या होत्या. एकटी बाई मुंबईत आली तर तिला टेकायला नातेवाइकाच्या घराखेरीज फारसं काही नव्हतं. 1972-73 मध्ये केंद्र सरकारने नोकरदार महिलांच्या वसतिगृहांना अनुदान द्यायची योजना सुरू केली. आता तिचं नाव सखी निवास. अशा वसतिगृहात भाडं पगाराच्या ठरावीक टक्क्यांत बांधलेलं असतं आणि राहायची मुदतही ठरलेली असते. जागा थोड्या आणि मागणी मोठी, म्हणून नोकरी पक्की होताच अर्ज करावा. बाहेर खोली बघायला गेलेल्या मुलीला सोसायटीत येण्याजाण्याची वेळ, कोण भेटायला येतं, काय शिजवतेस हे प्रश्न विचारले जातात. आडनाव आणि धर्म पाहून नाही म्हणणारी दारं मुलामुलींना सारखीच आहेत. नकार देणारा कारण सांगत नाही, जागा गेली एवढंच म्हणतो. शंभर वर्षांपूर्वी साचेखात्याच्या दारात जे घडत होतं त्याच्याशी ह्याचं नातं जवळचं आहे.

ओळख कुणाची?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर ह्यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावात, नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं की तुम्हाला ह्या जागेची खबर कुणाकडून लागली. ज्यांना ओळखीतून लागली होती, त्यांच्यापैकी नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून खबर मिळालेले फक्त 16.7 टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्याकडून 55.6 टक्के आणि क्वचित भेटणाऱ्याकडून 27.8 टक्के. हा निबंध 1973 साली प्रसिद्ध झाला. कारण सोपं आहे. आपल्या जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी खबर दूरच्या वर्तुळातून येते. 2022 मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी सदस्यांवर झालेल्या अभ्यासातही थोड्या सैल ओळखी नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडतात असंच दिसलं.

गिरणगावाला हे लावून पाहिलं तर दोन्ही बाजू कळतात. घट्ट ओळखीने माणसाला तगवलं. त्याच ओळखीने त्याला एकाच खात्यात, एकाच गिरणीत ठेवलं. गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्याच्या ओळखीचे सगळेच एकदम बेकार झाले आणि दुसऱ्या कामाची खबर देणारा कुणी उरला नाही. म्हणून शहरात नव्याने आलेल्याने घट्ट आणि सैल, दोन्ही ओळखी राखाव्यात. आजारी पडल्यावर मध्यरात्री फोन करता येईल असं एखादं माणूस जवळच्यांपैकी हवं. आणि आपल्या गावाबाहेरची, भाषेबाहेरची, ऑफिसाबाहेरची माणसंही जोडत राहावीत. ट्रेकिंगचा गट, वाचनालय, रात्रीचा एखादा कोर्स, लोकलच्या डब्यातली रोजची चौथ्या सीटवरची मंडळी, कुठूनही.

पण ओळखीवर सोडून द्यायच्या नाहीत अशाही गोष्टी आहेत, आणि हे मुंबईला माथाडींनी शिकवलं. पाटण, जावळी, सातारा भागातले हमाल टोळीवाल्याच्या ओळखीने कामाला लागत, आणि मजुरी किती हातात पडेल हे टोळीवाला ठरवी. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. कामगाराची नोंद मंडळात, मजुरी मंडळामार्फत, रजा आणि भविष्य निधी कागदावर. टोळ्या राहिल्या, गावची माणसंही एकत्रच राहिली. फक्त त्यांचा हक्क कुणाच्या मर्जीवर उरला नाही.

आज मुंबईत कोकणातल्या आणि घाटावरच्या असंख्य गावांची मंडळं आहेत. गावातली देवळं त्यांनी बांधली, शाळांना खोल्या दिल्या, गणपतीला बसगाड्या सोडल्या. त्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्गणीतून ठाणे, डोंबिवली, पनवेल, जिथे परवडेल तिथे दोन खोल्या रीतसर करार करून घ्या, एक मुलांसाठी आणि एक मुलींसाठी. गावातल्या कुठल्याही आळीतलं, कुठल्याही जातीधर्माचं पोर नोकरीला आलं तर त्याला तिथे तीन महिने राहू द्या. भाडं पहिल्या पगारानंतर घ्या.